मदत हवी आहे: सवलतीत घेतलेली स्टीम लिंक टीव्हीला लावली, कॉम्प्युटर सापडतच नाही

मांजराकाठ (लातूर), शनिवार रात्री ९.४०
नमस्कार मंडळी. मामेभावानं अमेरिकेतून येताना स्टीम लिंकची डबी आणली, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या स्टीम या गेमच्या प्रोग्रॅममधले गेम टीव्हीवर खेळायची डबी. २०१८ च्या शेवटी तिकडं माल संपवायच्या सेलमध्ये ती अडीच डॉलरला मिळत होती, तेव्हा त्यानं दोन घेतल्या होत्या. एक न उघडता तशीच पडून होती, ती मला दिली. टीव्हीला लावली, वायफाय घेतलं, अपडेट पण झाली. पण कॉम्प्युटर शोधायलंय म्हणते आणि त्याच्या पुढं जाईना. वायफाय एकच आहे, पासवर्ड बरोबर आहे. तीन दिवस झाले डोकं लावायलोय, यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ बघून झाले. उद्याच्या उद्या चालू करायची आहे. कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

गोदाकाठ (नांदेड), ९.५२
कॉम्प्युटर वायफायवर आहे का केबलवर? राउटर कुठं, टीव्ही कुठं? कॉम्प्युटरवर स्टीम उघडं ठेवून लॉगिन केलं होतं का? सेटिंगमध्ये 'रिमोट प्ले' चालू आहे का? जुन्या व्हिडिओत याला 'इन-होम स्ट्रीमिंग' म्हणतात, २०१९ मध्ये नाव बदललं, म्हणून बऱ्याच जणांना ते सापडत नाही.

सिडको_एन७ (छ. संभाजीनगर), ९.५८
नेटचा प्लॅन किती एमबीपीएसचा आहे ते सांगा आधी. ४० चा असेल तर वेळ घालवू नका. मी १०० चा घेतला तेव्हाच माझ्याकडं गेम नीट चालायला लागले.

गोदाकाठ, १०.०३
प्लॅनचा इथं संबंध नाही. गेम तुमच्या कॉम्प्युटरवर चालतो, त्याचं चित्र घरातल्या घरात टीव्हीपर्यंत येतं आणि कंट्रोलरची बटणं उलट दिशेनं जातात. बाहेरचं नेट लागतं ते लॉगिनला आणि अपडेटला.

सिडको_एन७, १०.०९
मी स्वतः अनुभवलंय म्हणून सांगतोय. प्लॅन वाढवला आणि त्याच दिवशी अडकणं बंद झालं.

गोदाकाठ, १०.११
प्लॅनसोबत राउटर पण नवा दिला का?

सिडको_एन७, १०.१४
हो, ५ गिगाहर्ट्झवाला दिला.

गोदाकाठ, १०.१५
मग फरक राउटरनं पडला.

मांजराकाठ, १०.२०
स्टीम उघडं आहे, रिमोट प्ले चालू आहे. कॉम्प्युटरला केबल आहे. वायफाय एकच आहे हे वर लिहिलंय. हे सगळं माझं करून झालंय, त्याच्या पुढचं सांगा ना.

परभणीचा_पोऱ्या, १०.२६
भाऊ, ती डबी ठेवून द्या. अँड्रॉइड टीव्हीवर स्टीम लिंकचं अॅप फुकट आहे, २०१८ पासून आहे. नाहीतर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्या, त्यावर पण चालतं, मी स्वतः लावलंय. डबीला १०८० रिझोल्यूशनच्या (चित्राच्या बारकाईच्या) वर जाता येत नाही आणि आता ती बनत पण नाही.

मांजराकाठ, १०.३१
टीव्ही जुना आहे, ७२० चा, स्मार्ट नाही. नवीन काही घ्यायचं नाही. आहे तेच चालू करायचं आहे.

माळवद (धाराशिव), १०.४४
घर कसलं आहे? आमच्या गावाकडच्या वाड्याच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, पांढऱ्या मातीच्या. एका खोलीतलं वायफाय दुसऱ्या खोलीत जात नाही. वरच्या मजल्यावरून खाली तर विचारूच नका.

मांजराकाठ, १०.५०
आमचं पण माळवदच होतं. १९९३ च्या भूकंपानंतर वडिलांनी उतरवलं आणि स्लॅब टाकला. आता कॉम्प्युटर वरच्या खोलीत आणि टीव्ही खाली हॉलमध्ये. पण रेंज पूर्ण येते, चार कांड्या दाखवायलंय.

माळवद, १०.५७
स्लॅबमधल्या सळ्या पण सिग्नल खातात बरं का. किल्लारीनंतर आमच्याकडं अर्ध्या गावानं माळवदं उतरवली. उन्हाळ्यात त्या घरात जो गारवा असायचा तो स्लॅबखाली नाही. माझी आजी शेवटपर्यंत अंगणातच झोपली, छपराखाली यायलाच तयार नव्हती. विषय वेगळा आहे, पण आठवलं म्हणून लिहिलं.

मुकुंदराज_नगरी (अंबाजोगाई), ११.१०
मी निवृत्त शिक्षक आहे. मुलांना मोठ्या पडद्यावर खेळायची सोय करून देण्याआधी थोडा विचार करावा ही विनंती. तीस वर्षं वर्गात काढली, रात्री उशिरापर्यंत जागलेलं मूल सकाळी पहिल्या तासाला लगेच ओळखू येतं.

मांजराकाठ, ११.२४
सर, तुमचं म्हणणं पटतं. पण लहान भावाचा पाय मोडलाय. मोटारसायकलवरून पडला, मांडीपर्यंत प्लास्टर आहे, सहा आठवडे जिना चढायचा नाही. त्याचे मित्र रविवारी येतात आणि सगळे वर माझ्या खोलीत जाऊन खेळतात. तो खाली पलंगावर पडून त्यांचे आवाज ऐकत असतो. मागच्या रविवारी भिंतीकडं तोंड करून झोपला होता. म्हणून उद्याच पाहिजे.

मुकुंदराज_नगरी, ११.३१
हे आधी लिहायचं होतं, बाळा. माझे शब्द मागे घेतो. त्याला डिंकाचे लाडू द्या, दूध द्या. या गोष्टीतलं मला कळत नाही, पण इथल्या मंडळींनी त्याला उद्यापर्यंत मार्ग दाखवावा.

बिंदुसरा (बीड), ११.४०
दादा, दोन आकडे द्या, बाकी काही नको. डबीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कवर गेलं की आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा तिचा नंबर, दिसतो. कॉम्प्युटरवर विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, त्यात इथरनेटवर क्लिक केलं की तिथं पण दिसतो. दोन्ही जसेच्या तसे लिहा.

मांजराकाठ, ११.५२
डबी १९२.१६८.१.७
कॉम्प्युटर १९२.१६८.०.१०४

बिंदुसरा, ११.५५
सापडलं. तिसरा आकडा बघा, एकीकडं १ आणि एकीकडं ०. तुमच्या घरात दोन राउटर आहेत ना?

मांजराकाठ, ११.५९
हो, आहेत की. खाली फायबरवाल्यानं बसवलेली डबी आहे, तिलाच वायफाय आहे. वर रेंज येईना म्हणून मी दुसरा राउटर आणून तिथून केबल वर नेली. दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलाय, म्हणून एकच वायफाय म्हणालो.

गोदाकाठ, रविवार १२.०२
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर आपण सगळे आतापर्यंत झोपलो असतो.

बिंदुसरा, १२.०९
राहू द्या, बहुतेक घरात असंच असतं. नाव एक ठेवल्यानं नेटवर्क एक होत नाही. वाड्याच्या आत अजून एक वाडा बांधावा आणि मधल्या दाराला आतून कडी असावी, तसं झालंय. आतल्याला बाहेर जाता येतं, म्हणून वरच्या कॉम्प्युटरवर नेट चालतं. पण स्टीम लिंक खालून हाक मारते, "घरात स्टीम कोणाकडं आहे?" ती हाक वरच्या राउटरच्या दारापाशी थांबते. तुमच्या केबलचं वरचं टोक वेगळ्या रंगाच्या खाचेत घातलंय ना, जिच्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं? तीच ती कडी.

वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट' असा मोड असेल तर तोच निवडा, सगळं आपोआप होतं. नसेल तर या क्रमानं करा. आधी खालून आलेली केबल वरच्या राउटरमधून काढून ठेवा. मग कॉम्प्युटरवरून त्या राउटरचं पान उघडा, डीएचसीपी (बाकीच्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१ वाल्या ओळीतला द्या. तो फायबरच्या डबीच्या वाटपातल्या आकड्यांच्या बाहेरचा असावा, नाहीतर उद्या कोणाच्या तरी मोबाइलशी भांडण लागेल. आणि शेवटी ती केबल वॅनमध्ये न घालता बाकीच्या चारपैकी कोणत्याही खाचेत घाला.

सिडको_एन७, १२.१६
एवढा खटाटोप कशाला? डबीवर 'अदर कॉम्प्युटर' घ्या, ती पिन दाखवते, ती वरच्या स्टीममध्ये टाका. २०१९ च्या मार्चपासून स्टीम लिंक एनीव्हेअर आलंय, वेगवेगळ्या नेटवर्कवरून पण जोडता येतं.

बिंदुसरा, १२.२१
जोडलं जाईल, पण ती वाट बाहेरून फिरून येऊ शकते. वरच्या खोलीतून खालच्या हॉलमध्ये यायला गावाला वळसा कशाला? बटण दाबल्यावर फलंदाजानं नंतर बॅट फिरवली तर खेळण्यात काय राम राहिला. आणि हे एकदाच करायचं काम आहे. पुढं प्रिंटर असो, मोबाइलवरून टीव्हीवर फोटो दाखवायचे असोत, सगळ्याला कामाला येतं.

सिडको_एन७, १२.२५
रात्रीपुरतं तरी चालू होईल एवढंच म्हणणं होतं माझं. बाकी तुमचं पटतं.

मांजराकाठ, १२.४८
केबल बदलली तर घरातलं सगळंच नेट गेलं!! आईचा मोबाइल पण चालेना. सकाळी सहाला आईचा मावशीसोबत व्हिडिओ कॉल असतो. काय करू?

बिंदुसरा, १२.५१
सेटिंग न बदलता आधी केबलच घातली का?

मांजराकाठ, १२.५२
हो. म्हणलं सेटिंग नंतर करू.

बिंदुसरा, १२.५७
म्हणून क्रम लिहिला होता, दादा. आता पत्ते वाटणारे दोघं झाले. वरच्याकडून ज्याला पत्ता मिळाला त्याला बाहेर जायची वाट मिळत नाही. काही बिघडलेलं नाही. वरची केबल काढा, आईचा मोबाइल खालच्या वायफायवर बंद करून चालू करा, तो लगेच नीट होईल. मग शांतपणे आधी सेटिंग, शेवटी केबल. मी जागी आहे.

परभणीचा_पोऱ्या, १.०५
लातूरला लाइट राहते का रात्री? आमच्याकडं आज दोनदा गेली. राउटरला इन्व्हर्टरवरच्या बोर्डात घाला, नाहीतर मधेच बंद पडायचं आणि सेटिंग अर्धवट राहायची. मी तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतलाय, राउटरची पिन त्यात थेट बसते.

गोदाकाठ, १.१०
घ्या, पण त्या यूपीएसची पिन चुकून स्टीम लिंकमध्ये घालू नका. ती डबी ५ व्होल्टची आहे, १२ दिले तर जळेल. तिला तिचाच अॅडॉप्टर. अमेरिकेतला आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, त्यावर १००-२४० लिहिलेलं असेल तर इथल्या लाइटवर चालतो.

मांजराकाठ, १.३३
अॅक्सेस पॉइंट असा मोड कुठंच दिसला नाही, म्हणून हातानं केलं. डीएचसीपी बंद, पत्ता १९२.१६८.१.२५० दिला, फायबरची डबी २०० पर्यंतच वाटते हे बघून घेतलं. केबल दुसऱ्या खाचेत घातली. कॉम्प्युटरला आता १९२.१६८.१.१२ आलंय. आईचा मोबाइल चालू आहे. पण स्टीम लिंकवर कॉम्प्युटर अजून नाही.

गोदाकाठ, १.३७
विंडोजला हे नवीन नेटवर्क वाटलं असणार आणि त्यानं ते 'पब्लिक' धरलं असणार. 'प्रायव्हेट' करा. फायरवॉलनं स्टीमबद्दल विचारलं तर परवानगी द्या. फायरवॉल पूर्ण बंद करू नका.

मांजराकाठ, १.४४
आलं!!! कॉम्प्युटरचं नाव आलं, चार आकडी कोड आला, वर जाऊन टाकला, टीव्हीवर स्टीम दिसायलंय. भाऊ झोपलाय, उठवू का असं झालंय. फक्त चित्र मधेच फुटतं.

बिंदुसरा, १.४९
फायबरची डबी हॉलमध्येच आहे ना? मग स्टीम लिंक वायफायवर ठेवूच नका, हातभर केबलनं थेट तिला जोडा. मग कॉम्प्युटरपासून टीव्हीपर्यंत सगळी वाट तारेवर होते.

माळवद, १.५३
स्टीम लिंकची केबलची खाच १०० मेगाबिटचीच आहे ना? वायफाय त्याहून वेगवान असतं.

बिंदुसरा, १.५८
कागदावर वेगवान. चित्राला १०० ची निम्मी जागा पण लागत नाही, आणि ७२० च्या टीव्हीला तर अजून कमी. इथं वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचं. वायफायवर शेजाऱ्याचा राउटर बोलायला लागला की आपल्याला थांबावं लागतं. तारेवर तसं होत नाही. आणि डबीच्या स्ट्रीमिंग सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ७२० वर ठेवा, टीव्हीच त्याचा आहे. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो लावा.

मांजराकाठ, रविवार दुपारी १.१५
केबलनं जोडलं, फुटणं बंद झालं. सकाळी दहापासून चौघं हॉलमध्ये क्रिकेट खेळायलेत. भावाचा पाय उशीवर आणि कंट्रोलर हातात. आई मधून मधून त्यालाच चिडवायली, हरला म्हणून. बिंदुसराताई, गोदाकाठभाऊ, तुमचे उपकार विसरणार नाही. सर, लाडू चालू केलेत. एक अजून विचारतो. मी उद्या कामावर गेल्यावर कॉम्प्युटर झोपेत गेला तर भावाला वर जाता येणार नाही.

गोदाकाठ, १.२८
कॉम्प्युटर केबलवर आहे ते बरं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) आणि नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये 'वेक ऑन लॅन' चालू करा, मग स्टीम लिंकवरूनच त्याला उठवता येतं. विंडोजची पासवर्डची खिडकी आडवी आली तर मात्र अडकेल, तेवढं बघून ठेवा. लाइट जाऊन आल्यावर आपोआप सुरू व्हायचा पर्याय पण बऱ्याच बायोसमध्ये असतो.

हिंगोलीकर_९, ४.०२
धागा चांगला आहे. माझ्याकडं पण असंच आहे. मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवायचं चिन्हच येत नाही. वायफाय एकच आहे. लवकर सांगा, पाहुणे यायलेत.

मांजराकाठ, ४.०६
घरात राउटर किती आहेत? मोबाइलचा आणि टीव्हीचा आयपी पत्ता इथं लिहा. आणि मी सांगेपर्यंत कुठल्याच केबलला हात लावू नका.