व्हॉल्व्हच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय: तयार मॉड्यूल की घरचा ट्रान्सफॉर्मर?

उद्यमनगरकर: घरी व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर जुळवणारे बहुतेक जण सगळी हौस व्हॉल्व्ह निवडण्यात फेडतात आणि पॉवर सप्लायसाठी १२ व्होल्टचे २५० करणारे तयार मॉड्यूल आणून मोकळे होतात. कोल्हापूरकराने तरी असे करू नये, कारण मोटारी रिवाइंड करणारे कारागीर उद्यमनगरात हाकेच्या अंतरावर असताना हवा तसा ट्रान्सफॉर्मर आणि चोक (लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी) गुंडाळून घेणे अवघड नाही. एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर उरणारी १०० हर्ट्झची घरघर हेडफोनमध्ये लपत नाही. १० हेन्रीचा चोक आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तिला सुमारे ४०० पटींनी खाली आणतात, तर चोकऐवजी १ किलोओहमचा रेझिस्टर लावल्यास जेमतेम ६० पटींनी.

पंचगंगाकाठ: चोकचे गणित मान्य आहे, पण साहेब, आपण धोक्याबद्दल अवाक्षर काढलेले नाही. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची सेकंडरी (बाहेर वीज देणारी गुंडाळी) रेक्टिफाय केली की लोड नसताना ३२५ व्होल्ट चढतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये तसेच बसून राहतात. शिवाय मॉड्यूलचा स्विचिंगचा गोंगाट कानाच्या कक्षेबाहेर असतो आणि तो लहानशा इंडक्टरने गाळता येतो.

उद्यमनगरकर: मॉड्यूलचे २५० व्होल्टही काही कमी झोंबत नाहीत. मुख्य कपॅसिटरवर १०० किलोओहमचा, २ वॅटचा ब्लीडर (साठलेली वीज उतरवणारा रेझिस्टर) कायमचा जोडावा. मिनिटभरात कपॅसिटर रिकामा होतो, तरीही मीटर लावून पाहिल्याखेरीज आत हात घालू नये.

जुना_रेडिओ: आपण दोघेही लोड, म्हणजे हेडफोन, विसरलात. हेडफोन थेट चालवणाऱ्या कॅथोड फॉलोअर जोडणीत ईसीसी८२ या व्हॉल्व्हचा आउटपुट इंपीडन्स (बाहेर देतानाचा अंतर्गत विरोध) सुमारे ४५० ओहम आणि ईसीसी८८ चा ८० च्या आसपास येतो. ३०० ओहमच्या हेडफोनला दुसरा चालून जाईल, मात्र ३२ ओहमवाल्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि मग पॉवर सप्लायच्या (मेन्स) ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र त्यात शिरून, चोक कितीही भारी असला तरी, घरघर करणारच.

उद्यमनगरकर: त्यावर जुना उपाय आहे. चासीला (धातूच्या सांगाड्याला) भोके पाडण्याआधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडावा, मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या फक्त प्रायमरीला (घरच्या विजेकडच्या गुंडाळीला) वीज द्यावी, बाकीची टोके इन्सुलेट करावीत, आणि प्रत्येक वेळी वीज बंद करून आउटपुट ट्रान्सफॉर्मर थोडा वळवत जावे. घरघर जवळजवळ नाहीशी होते ती जागा पेन्सिलीने आखून घ्यावी.

पंचगंगाकाठ: नवख्याने हा प्रयोग एकट्याने करू नये, एवढे मी म्हणेनच, आणि प्रायमरीला फ्यूज व चासीला अर्थिंग असल्याशिवाय तर मुळीच नाही. पहिल्या बांधणीसाठी माझे मत मॉड्यूललाच आहे.