कॉलेजच्या मॅचला आपलीच पोरं का येत नाहीत?

जिमखानावाला (धागाकर्ता)

भांडुपच्या एका डिग्री कॉलेजात एकोणीस वर्षं जिमखाना सांभाळतोय. फुटबॉलच्या पंपापासून कॅरमच्या पावडरीपर्यंत सगळं माझ्याच कपाटात. यंदा आमची फुटबॉल टीम इंटरकॉलेजला सेमीपर्यंत पोचली. पहिल्यांदाच. नोटीस लावली, व्हॉट्सॲपच्या अकरा ग्रुपांवर टाकलं, स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या टेबलाजवळ जाऊन सांगितलं.

मॅचला प्रेक्षक आले नऊ. मोजले मी. दोन आमचेच जखमी खेळाडू, एक गोलकीपरची आई, एक चहावाला, आणि बाजूच्या पिचवर आपल्या बॅटिंगची वाट बघत बसलेले पाच जण. आईला बसायला काही नव्हतं. किटबॅगेवर बसा म्हटलं, तर ‘नको, पोरांचे कपडे आहेत’ म्हणाली आणि डोक्यावर ओढणी धरून दीड तास उभी राहिली. पेनल्टीवर हरलो. आमच्या स्ट्रायकरने शेवटची किक बारवर मारली तेव्हा मैदानात जो आवाज झाला तो बाजूच्या पिचवर कुणाचा तरी कॅच सुटला म्हणून.

हे एवढं लागायला कारण आहे. ऑक्टोबरात बहिणीकडे ओहायोला गेलो होतो. भाचा तिथल्या एका लहान कॉलेजात शिकतो. गाव एवढंसं, की आमच्या संध्याकाळच्या सहाच्या कल्याण लोकलमध्ये अख्खं मावेल आणि चौथ्या सीटलाही जागा उरेल. त्यांची अमेरिकन फुटबॉलची टीम डिव्हिजन थ्रीमधली, म्हणजे कॉलेज खेळातल्या तिसऱ्या पातळीवरची, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. पोरं फी भरून शिकतात आणि वर रोज मार खातात. भाचा खेळत नाही, बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो.

दुपारी एकची मॅच. आम्ही साडेदहालाच पार्किंगमध्ये. लोक गाड्यांच्या डिक्या उघडून शेगड्या पेटवून बसलेले. याला टेलगेटिंग म्हणतात. बहिणीने डिकीतून चिवड्याचा डबा काढला, तो शेजारच्या गाडीत गेला आणि त्यातून भाजलेली कणसं भरून परत आला. आयांच्या छातीवर आपापल्या पोराच्या फोटोचे थाळीएवढे बिल्ले. स्टँड म्हणजे नुसती ॲल्युमिनियमची बाकडी, बुडाला गार लागतात म्हणून सगळे घरून उशा घेऊन आलेले. खेळ मला अर्धाच कळला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं एवढं समजलं. घड्याळात साठ मिनिटं, संपायला तीन तास. दीड-दोन हजार माणूस असेल.

टीम सपाटून हरली. मला वाटलं, आता लोक पायऱ्या उतरणार. एक जण उठला नाही. हरलेली पोरं हेल्मेट काढून बँडसमोर येऊन उभी राहिली, बँडने कॉलेजचं गाणं वाजवलं आणि सगळ्यांनी म्हटलं. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, तुमचा नातू यात कुठला? म्हणाला, कुणीच नाही, मी गावातलाच.

तर प्रश्न असा, की आपल्याकडे हे कसं जमवायचं? फुकट टी-शर्ट, एनएसएसचे तास आणि हजेरीची सक्ती हे उपाय कृपया सुचवू नका. तिन्ही करून झालेत. टी-शर्ट संपले, माणसं आली नाहीत.

बेथलेहेमकर

मूळचा गोरेगावचा, गेली चौदा वर्षं पेनसिल्व्हेनियात. सर, तुम्ही नक्की होमकमिंगला गेला होतात. ऑक्टोबरातला तो एक शनिवार माजी विद्यार्थ्यांचा असतो, वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी तेव्हाच. नोव्हेंबरात पाऊस पडत असताना त्याच बाकड्यांवर जा, तुमचे नऊ बरे म्हणाल.

इथलं सगळंच भरलेलं नसतं. टीव्हीवर दिसतं ते मिशिगनचं, एक लाख सात हजारांच्या वरचं स्टेडियम. त्याच सर्वोच्च पातळीवर मिड-अमेरिकन कॉन्फरन्स हा विद्यापीठांचा गटही खेळतो, ज्यात ओहायोचीच टोलिडो, अ‍ॅक्रन, केंट स्टेट आहेत. नोव्हेंबरात यांच्या मॅचेस मंगळवार-बुधवारच्या रात्री असतात, कारण शनिवारी टीव्हीवर मोठ्यांची गर्दी. टीव्हीला कार्यक्रम मिळतो, स्टँडमध्ये थंडी बसते. त्या पातळीवर अनेक वर्षं नियम होता, की दोन वर्षांतून एकदा तरी घरच्या मॅचेसची सरासरी उपस्थिती १५,०००च्या वर दाखवायची. विकलेली तिकिटंही धरता यायची, त्यामुळे तिकिटं खपायची आणि बाकडी रिकामी. हजेरीच्या सक्तीचा हाच अनुभव तुम्हाला आला ना?

आता उलटं उदाहरण. माझ्या गावातलं लीहाय आणि शेजारच्या ईस्टनमधलं लाफाएत, दोन्ही लहान कॉलेजं, गाडीने अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. १८८४ पासून एकमेकांशी खेळतायत. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये इतक्या वेळा दुसरी कुठलीच जोडी भिडलेली नाही. २०१४ मध्ये दीडशेवी मॅच न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये झाली. दोघांचाही सीझन मातीत गेला तरी त्या एका शनिवारी माझ्या ऑफिसात लोक एकमेकांशी नीट बोलत नाहीत. इंडियानात वॉबॅश आणि डिपॉ ही तर डिव्हिजन थ्रीची. ती १९३२ पासून रेल्वे इंजिनाच्या एका घंटेसाठी भांडतात. तीनशे पौंडांची घंटा, जिंकेल त्याने न्यायची.

लीगमध्ये कितवे आलात याच्याशी लोकांना काही नसतं, सर. जवळचा, तोंडओळखीचा शत्रू लागतो.

परळची पकड

दादा, मी कबड्डीवाला. गुडघा जायच्या आधी दहा वर्षं खेळलो. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी, इथे ओपन टुर्नामेंट असली की बांबूच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते, वर चाळीच्या गॅलऱ्या वेगळ्या. कारण चढाईला गेलेला पोरगा दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंचा. त्याची पकड झाली की काकू वरून रेफ्रीच्या आईबापाचा उद्धार करतात. मॅचेसही रात्री. गिरणीची पाळी सुटून, जेवून माणूस यायचा. गिरण्या गेल्या, वेळ तीच राहिली.

तुमच्या पोरांना गल्ली कुठेय? एक कळव्याचा, एक विक्रोळीचा, एक डोंबिवलीचा. साडेबाराला लेक्चर संपलं की कॉलेज रिकामं. आणि मॅच कुठे, तर भलत्याच मैदानात. त्या ओहायोवाल्यांचं मैदान कॉलेजच्या अंगणात, गाव मैदानाच्या भोवती. तुमचं होम ग्राउंड कुठलं, हे आधी सांगा.

टीवायबीकॉम

सर मॅच मंगळवारी दोन वाजता होती. लेक्चर बुडवलं तर ७५ टक्क्यांत अडकतो आणि ते अडकवणारेही तुमच्याच स्टाफरूममधले. येण्या-जाण्यात तीन तास. आणि मैदानावर टॉयलेट नाही. मुलींना नोटीस लावून उपयोग काय?

विंगेतली

जिमखानावाले सर, तुमची पोरं कुठे जातात ते मला माहीत आहे. ती आमच्याकडे असतात.

मी सहा वर्षं एकांकिकांचं बॅकस्टेज केलं. स्पर्धेच्या फायनलला कधी आलायत का? पडदा उघडायच्या आधी बाल्कनीतून ‘अरे आवाज कुणाचाऽऽ’ सुरू होतं आणि समोरचं कॉलेज त्यावर आपलं नाव चढवतं. खुर्च्या हलतात. सवाई एकांकिका ही स्पर्धा २५ जानेवारीला रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालते. पोरं घरी भांडून येतात, जागतात, सकाळच्या पहिल्या लोकलने घसा बसलेल्या अवस्थेत परत जातात. हीच पोरं. हजेरी कुणी घेत नाही.

का येतात? स्टेजवर सहा जण असतील, पण कुणी लेव्हल म्हणजे स्टेजवरचे लाकडी चौथरे उचललेत, कुणी फ्लॅट म्हणजे नेपथ्याची भिंत रंगवलीय, कुणी म्युझिकच्या एका क्यूसाठी महिनाभर तालमीला बसलंय. चाळीस जणांचा हात लागलेला असतो. ज्याच्या नखात अजून रंग आहे तो ओरडणारच.

आणि एक विचारू? तुम्ही स्वतः तरी ओहायोत मॅच बघायला गेला होतात का? भाच्याचा ट्रॉम्बोन ऐकायला गेला होतात. बँडात साठ पोरं असतील तर साठ घरं तिथे आली, त्यांना खेळ कळो न कळो. तुमच्या मॅचला गोलकीपरची आई आली आणि ती उभी राहिली. तिला खुर्ची दिली नाहीत, काम तर नाहीच.

बेथलेहेमकर

विंगेतली ताई, दंडवत. लुइझियानाची ग्रॅम्ब्लिंग आणि सदर्न ही कृष्णवर्णीयांसाठी उभी राहिलेली दोन विद्यापीठं १९७४ पासून न्यू ऑर्लिन्सला बायू क्लासिक खेळतात. तिथे हाफटाइमला माणूस जागेवरून उठत नाही, कारण तेव्हा बँड उतरतात. आदल्या रात्री तर नुसत्या बँडांचाच सामना असतो, त्यालाही तिकीट. इतर ठिकाणी हाफटाइम म्हणजे हॉटडॉगची रांग.

जिमखानावाला (धागाकर्ता)

सात आठवड्यांनी लिहितोय. ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला आणि तीनदा राग आला. मग कामाला लागलो.

इंटरकॉलेजचं वेळापत्रक माझ्या हातात नाही, म्हणून ते सोडलं. रुळांपलीकडच्या कॉलेजच्या जिमखानावाल्याला फोन केला. आमचं त्यांच्याशी जुनं आहे. त्यांनी आमचा एक लेफ्ट विंगर प्रवेश देऊन पळवला होता. शनिवारी संध्याकाळी पाचला मैत्रीपूर्ण सामना ठरवला. मैत्रीपूर्ण हा शब्द फक्त पत्रात. मैदान कॉलेजपासून चालत सात मिनिटं. समोरच्या शाळेच्या शिपायाला भेटून मुलींसाठी टॉयलेट उघडून घेतलं. टीवायबीकॉम, तू कोण आहेस ते मला कळलंय, पण मुद्दा बरोबर होता.

मग नाटकाच्या पोरांना सांगितलं, की तुम्ही आमचा बँड. त्यांनी कुठून तरी बेंजोवाला आणला, दोन ताशे आणि एक हलगी. पोस्टर त्यांनीच रंगवलं, गोलपोस्टची जाळी तिघींनी बसून शिवली. झेरॉक्सवाल्याकडून अकरा बिल्ले करून घेतले, फोटोसकट. ते लावायचं काम गोलकीपरच्या आईकडे. तिने इतर दहा घरांना फोन केले. चार आया, दोन वडील, एक आजी आली. आजीने बिल्ला उलटा लावला होता, सांगायची हिंमत कुणाची झाली नाही.

माणसं किती? एकशे चाळीसपर्यंत मोजली, मग बेंजोवाल्याने नवं गाणं धरलं आणि आकडा चुकला. निम्म्यांची पाठ मैदानाकडे होती. कॉर्नरच्या वेळी ताशा एवढा वाजला की रेफ्रीची शिट्टी कुणालाच ऐकू गेली नाही, त्याने खेळ थांबवून हलगीवाल्याला झापलं. खेळ भिकार झाला. शून्य-शून्य. संपल्यावर मी पोरांना बँडसमोर उभं केलं, ओहायोसारखं. कॉलेजचं गाणं कुणालाच येत नव्हतं, मलाही नाही. दोन मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग मागून कुणीतरी ‘अरे आवाज कुणाचाऽऽ’ घातली आणि पलीकडच्यांनी त्यांचं नाव आमच्यापेक्षा जोरात घेतलं. आमचा कप्तान भडकला, त्याला धरायला लागलं. पुढच्या वर्षी परत खेळायचं तिथेच ठरलं.

बेथलेहेमकर, घंटेची कल्पना उचलली. इलेक्ट्रिक बेल आल्यापासून आमच्याकडे जुना पितळी टोल पडून आहे. बरोबरी झाली म्हणून सहा महिने आमच्याकडे, सहा महिने त्यांच्याकडे असं ठरवलं. अडचण एकच. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये ‘घंटा, पितळी, १ नग’ अशी नोंद आहे आणि नग कॉलेजबाहेर जायचा तर प्राचार्यांची सही लागते. अर्ज देऊन तीन आठवडे झाले.

टीवायबीकॉम

सही? घंटा मिळणार सर.