मदत हवी आहे : इंटरनेट दोन्ही मजल्यांवर चालते, मग खालच्या संगणकांना वरचा प्रिंटर का सापडत नाही?

नमस्कार.

अंबड (जि. जालना) येथील एका अभ्यासिकेतील संगणकांची देखभाल मी पाहतो. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असून नेटवर्किंगचे जे थोडेफार ज्ञान आहे, ते सेटिंगची पाने चाळून आणि व्हिडिओ पाहून मिळवलेले आहे.

आमच्याकडील मांडणी अशी आहे. तळमजल्यावर फायबर जिथे येते तिथे इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर आहे आणि त्याला चार संगणक तारेने जोडलेले आहेत. वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नसल्यामुळे केबलवाल्याकडून तिथे दुसरा राउटर बसवून घेतला असून, खालच्या राउटरमधून निघालेली तार त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या) पोर्टमध्ये घातलेली आहे. प्रिंटर वरच्या वायफायवर आहे. वरच्या लॅपटॉपवरून प्रिंट व्यवस्थित निघते. खालच्या एकाही संगणकावरून निघत नाही, आणि प्रवेशपत्रे काढण्याच्या दिवसांत मुलांना पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढावा लागतो.

‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यावर खालच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२३, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे (बाहेरच्या नेटवर्कसाठीचे निरोप ज्याच्याकडे द्यायचे तो राउटर) १९२.१६८.१.१ असा दिसतो. वरच्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१०३ व गेटवे १९२.१६८.०.१ असून मास्क तोच आहे. प्रिंटरचा पत्ता सध्या १९२.१६८.०.१०५ आहे.

पत्त्यातील तिसरा आकडा वेगळा आहे म्हणजे ही दोन वेगळी नेटवर्क आहेत, एवढे मला कळते. परंतु दोन्ही राउटर एकाच तारेने जोडलेले असताना ‘वेगळे नेटवर्क’ हे ठरवते कोण: तार, राउटर की स्वतः संगणक? त्याहून मला चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे, वरच्या लॅपटॉपवर १९२.१६८.१.२३ हा पत्ता टाकला की खालच्या संगणकावरचे शेअर केलेले फोल्डर उघडते, पण खालून प्रिंटरला पिंग केले (तो उत्तर देतो का, हे तपासले) तर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ एवढेच उत्तर येते. वाट असेल तर ती दोन्ही बाजूंनी असायला नको का? शिवाय लाइट जाऊन आली की प्रिंटरचा पत्ता कधी कधी बदलतो आणि मग वरच्या लॅपटॉपवरही तो पुन्हा जोडावा लागतो.

एक विनंती आहे. आयपी (वर दिलेले हे आकड्यांचे पत्ते) म्हणजे घराचा पत्ता, ही उपमा कृपया देऊ नये. माझी शंका जिथे सुरू होते, नेमकी तिथेच ती उपमा संपते.

प्रतिसाद १

नमस्कार. मी नांदेडला एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. आपला दुसरा प्रश्न फार चांगला आहे.

वेगळे नेटवर्क कोणते, हे पाठवणारा संगणक स्वतः ठरवतो आणि त्यासाठीच मास्क असतो. २५५.२५५.२५५.० याचा अर्थ असा की पहिले तीन आकडे जुळले तर समोरचे यंत्र आपल्याच नेटवर्कमधले, आणि न जुळले तर निरोप गेटवेच्या हवाली करायचा. तार कुठून कुठे गेली आहे, याची संगणकाला कल्पनाही नसते. आपला खालचा संगणक १९२.१६८.०.१०५ पाहतो, तो आपल्या नेटवर्कमधला नाही असे ठरवतो आणि निरोप १९२.१६८.१.१ कडे देतो. त्या राउटरलाही १९२.१६८.० हे नेटवर्क ठाऊक नसते, म्हणून तो निरोप बाहेर इंटरनेट कंपनीकडे ढकलतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव असल्याने इंटरनेटवर त्यांना वाट नाही, आणि निरोप तिथेच टाकून दिला जातो.

उलट दिशेने मात्र वेगळे घडते. वरच्या राउटरचे एक टोक खालच्याच नेटवर्कमध्ये आहे. खालच्या राउटरने त्याला इतर संगणकांप्रमाणेच १९२.१६८.१ मधला एक पत्ता दिलेला असतो. लॅपटॉपचा निरोप त्याच्याकडे आला की तो पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा हा पत्ता घालून निरोप खाली पोहोचवतो, नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर लॅपटॉपला परत देतो. यालाच नॅट म्हणतात. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ते जेमतेम ४२९ कोटी असूनही घरोघरी इंटरनेट पोहोचले, त्यात नॅटचा मोठा वाटा आहे. परंतु खालून कोणी आपणहून वर बोलू लागला, तर तशी नोंदच नसल्याने तो निरोप कोणाला द्यायचा हे वरच्या राउटरला कळत नाही.

उपाय म्हणजे वरच्या राउटरला राउटरचे काम करू न देणे. लॅपटॉप तारेने त्याला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जावे, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा आणि डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करावी. तार ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’ (आतल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टमध्ये घालायची ती हे झाल्यावरच. डीएचसीपी चालू असतानाच तार बदलली, तर एकाच नेटवर्कमध्ये दोघे जण पत्ते वाटू लागतील आणि आताच्यापेक्षा मोठा घोळ होईल. खालच्या राउटरची पत्त्यांची वाटणी .२ (शेवटचा आकडा २) पासून सुरू होत असेल, तर ती .५० पासून करावी.

लाइटचे कारण सरळ आहे. डीएचसीपीने दिलेला पत्ता मुदतीपुरता असतो आणि घरगुती राउटर पुष्कळदा बंद पडताच दिलेल्या पत्त्यांची यादी विसरतो. खालच्या राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधून तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवावा. तो बारा अक्षर-अंकांचा असतो आणि प्रिंटरच्या नेटवर्क माहितीच्या पानावर छापून येतो.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. नोंद ज्याच्याकडे असते त्यालाच उत्तर मिळते, हे वाचल्यावर फोल्डरचे कोडे उलगडले. अडचण अशी आहे की खालच्या राउटरचा पासवर्ड कंपनी देत नाही. तिथे काहीही न बदलता हे जमेल का?

प्रतिसाद २

जमेल. बऱ्याच नव्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (राउटरचे काम न करता फक्त वायफाय पुरवण्याची सोय) असतो; तो निवडला की डीएचसीपी आपोआप बंद होते आणि स्वतःचा पत्ताही राउटर बहुधा खालूनच घेतो. मॅकची नोंद करता येत नसेल, तर प्रिंटरच्याच सेटिंगमध्ये १९२.१६८.१.२४० सारखा मोठ्या शेवटच्या आकड्याचा पत्ता हाताने भरावा, मास्क व गेटवे खालच्या संगणकाचेच ठेवावेत. मात्र त्या पत्त्याला आधी पिंग करून उत्तर येत नाही ना, एवढे पाहून घ्यावे.