हापूसच्या कौतुकात रायवळ मेला, त्याचं काय?

बाठाचोखू
एप्रिल लागला की आंबा म्हणजे हापूस. देवगडचा की रत्नागिरीचा, पेटी आली का, बास. मी कोकणातलाच, हापूस मलाही आवडतो. पण आमच्या विहिरीवर रायवळाचं, म्हणजे कोयीतून उगवलेलं गावठी झाड होतं. वळीव पडून गेला की सकाळी खाली सडा. देठाकडचा चीक पिळून टाकायचा, आंबा बोटांनी मऊ करायचा आणि बाठा पांढरा होईस्तोवर चोखायचा. आईचं सासव त्याचंच: सोललेले अख्खे आंबे, वाटलेलं खोबरं-मोहरी, गूळ. हापूसचं सासव एकदा केलं, नुसता गोड गिच्चा. गेल्या वर्षी झाड तोडलं. लाकूड बहुधा हापूसच्या पेट्यांनाच गेलं. आता पाणंदीकडचं एक उरलंय.

कलमवाला
सासव मलाही आवडतं, पण त्यावर मुलांच्या फिया भरता येत नाहीत. रायवळ झाडावरून उतरवला की दोन दिवसांत ओघळतो, वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत पेटीत रस. त्यात निम्म्यात अळी. हापूस अढीत घालून आठवडाभर सांभाळता येतो, म्हणून त्याला गिऱ्हाईक. कौतुक फुकटचं नाही. मोहरापासून फवारण्या, तुडतुडे, अवकाळी, त्यात एका वर्षी धरला तर दुसऱ्या वर्षी झाड रुसतं. बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने खपवतात, म्हणून 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर मिळून भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं. रायवळ एवढा लाडका होता, तर विकत कोण घेत होतं?

माजघर
विकत कशाला घ्यायचा, तो शेजारून यायचा. आणि आंबा म्हणजे फक्त पिकलेला हे कोणी ठरवलं? चैत्रगौरीची डाळ, पन्हं, मेथांबा, लोणचं, आंबोशी, सगळं कैरीचं, आणि कैरी आंबट हवी. गुढीला डहाळी बांधताना, दाराला तोरण लावताना जात कोणी विचारत नाही.

खुंटआधी
कलमवाले, तुमचं हापूस उभं कशावर आहे? रायवळाच्या कोयीवर, खुंट त्याचाच. हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही, म्हणून तर कलम. नाव पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कवरून, आणि कलमांचा प्रसारही त्याच लोकांनी गोव्यातून केला. कलमच असल्याने सगळे हापूस एकमेकांच्या नकला. रायवळाचं प्रत्येक झाड मात्र वेगळं. हापूसमध्ये साका, म्हणजे गरात पांढरट स्पंजासारखा भाग निघतो, वरून कळतसुद्धा नाही. तो टाळायला वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना ही जात काढली. वैविध्यच उरलं नाही तर उद्या संकर कशाशी करणार?

कलमवाला
नीलम कलमीच आहे हो, रायवळ नव्हे! उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. खुंटाचं मात्र मान्य. कोयी हल्ली गोळा करायला फिरावं लागतं.

देशावरची
तुमचं कोकण संपलं की आम्हीही बोलू? आमच्याकडे बांधावरच्या प्रत्येक आंब्याला नाव होतं. शेपूचा वास तो शेप्या, खोबऱ्यासारखा लागायचा तो खोबऱ्या, शेंदरी तो शेंदऱ्या. खोलीत गवताची अढी, आणि वासावरून पिकला की नाही ते आजी दारातून सांगायची. हापूस मी लग्न झाल्यावर पाहिला! आमरसाला अजूनही आम्हाला गावरानच लागतो. हापूसचा रस घट्ट, वाटीतून चमच्याने खावा लागतो. पोळी बुडवायची तर रस पातळ हवा, वर तूप आणि मिरपूड. आता बांधावर केसर लावतात. तो मूळचा गीरचा, चांगला आहे, पण त्याला नाव द्यावं लागत नाही, नर्सरीतूनच घेऊन येतो.

बाठाचोखू
शेप्या आमच्याकडेही होता! कलमवाले, बागायतदाराने हापूस लावू नये असं मी म्हणत नाही. दहा कलमांमागे बांधावर एक रायवळ ठेवा, एवढंच.

कलमवाला
दहामागे एक? सावली कलमांवर पडते, तुम्ही येणार छाटायला? बांध नको, पण तुमच्या पाणंदीकडच्या झाडाचं करता येईल. जूनमध्ये जून काडी काढा, पानं आठ दिवस आधी छाटून ठेवा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवा. कोयकलम बांधतो. दहा बांधली तर सहा-सात जगतील. दोन मला.

बाठाचोखू
तुम्हाला कशाला? अळी असते ना त्यात.

कलमवाला
सासवाला.