लॅपटॉपची ‘मेमरी’ रिकामी असूनही तो मंद का चालतो? रॅम, हार्ड डिस्क, एसएसडी हे शब्द समजून घ्यायचे आहेत

शब्दवेल्हाळ

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि माझ्याकडे २०१८ साली घेतलेला लॅपटॉप आहे. त्यावर मी प्रश्नपत्रिका तयार करते, जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ वाचते आणि अधूनमधून ऑनलाइन तास घेते. याहून जड काम मी त्यावर कधीच केलेले नाही. गेल्या वर्षभरात मात्र तो इतका मंद झाला आहे की सकाळी बटण दाबून मी चहा टाकते आणि चहा पिऊन होतो तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते.

एका दुकानदाराने ‘मॅडम, मेमरी कमी पडते’ असे सांगितले. घरी येऊन पाहिले तर ९३१ जीबीपैकी ७०० जीबीहून अधिक जागा रिकामी होती, मग कमी काय पडते हे मला कळेना. दुसऱ्या दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच ‘प्रोसेसर जुना झाला, आता नवीनच घ्या’ असा सल्ला दिला. खोक्यावर असे लिहिले आहे: कोअर आय५-८२५०यू, ४ जीबी डीडीआर४, १ टीबी एचडीडी, ५४०० आरपीएम, ४१ डब्ल्यूएच. हे शब्द मला नुसते पाठ करायचे नाहीत, त्यांचा अर्थ समजून घ्यायचा आहे, म्हणजे दुकानात काय विचारायचे ते मला ठरवता येईल. शिवाय घेतली १ टीबी, तर दिसते ९३१ जीबी, असे का?

आणखी एक शंका आहे. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना कडेच्या धातूच्या पट्टीला मनगट टेकले की बारीक झिणझिण्या येतात. हे धोक्याचे आहे का?

निळी_शाई

ताई, गोंधळ तुमचा नाही. बाजारात ‘मेमरी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. तुम्ही पाहिलेली ९३१ जीबी ही साठवणीची जागा आहे, म्हणजे हार्ड डिस्क. दुकानदार बोलत होता ती रॅम, आणि ती तुमच्याकडे ४ जीबी आहे.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून वर्गातलाच दाखला देतो. रॅम म्हणजे फळा आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाटातल्या वह्या. जे काम आत्ता चालू आहे ते फळ्यावर असते, आणि तास संपला की, म्हणजे वीज गेली की, फळा कोरा होतो. वहीत उतरवलेले मात्र टिकते. म्हणूनच फाइल ‘सेव्ह’ करण्यापूर्वी लॅपटॉप बंद पडला तर लिहिलेला परिच्छेद जातो.

आता फळा लहान असेल तर काय होते ते पाहा. विंडोज, ब्राउझरची दहा पाने, एक जाडजूड पीडीएफ आणि ऑनलाइन तास एवढे सारे ४ जीबीच्या फळ्यावर मावत नाही. मग विंडोज फळ्याचा एक कोपरा पुसते, पण पुसण्याआधी तो मजकूर हार्ड डिस्कवरच्या एका राखीव फाइलमध्ये उतरवून ठेवते. तुम्ही पुन्हा त्या पानावर गेलात की तो मजकूर तिथून परत आणायचा आणि त्यासाठी दुसरा कोपरा पुसायचा. ही पुसापुशी आणि उतरवाउतरवी दिवसभर चालू राहते. काम रॅमचे असते, पण त्याचा सगळा भार हार्ड डिस्कवर पडतो.

हार्ड डिस्कला हा भार का पेलत नाही, याचे उत्तर खोक्यावरच्या ५४०० आरपीएममध्ये आहे. तिच्या आत एक तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला मजकूर वाचणाऱ्या सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय सुईला योग्य वर्तुळावर सरकायलाही वेळ लागतो. हिशेब केला तर विखुरलेले असे छोटे तुकडे सेकंदाला शंभरसुद्धा वाचून होत नाहीत. एसएसडी हीसुद्धा साठवणीचीच डिस्क, पण तिच्यात फिरणारे काहीच नसते. सगळे चिपमध्ये असल्यामुळे असे हजारो तुकडे ती सेकंदात देते. विंडोज सुरू होताना नेमके असेच असंख्य छोटे तुकडे वाचावे लागतात, म्हणून सुरू होण्याच्या वेळेतला फरक सर्वांत आधी जाणवतो.

९३१ जीबीचे कारण अगदी साधे आहे, तुमची फसवणूक झालेली नाही. कंपनी १ टीबी म्हणजे १ वर बारा शून्ये इतके बाइट धरते, तर विंडोज प्रत्येक पायरीला १,००० ऐवजी १,०२४ ने भागते. त्याच हिशेबाने ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते.

कोणाच्याही सांगण्यावर विसंबण्यापूर्वी एवढे करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची कामे उघडी ठेवा आणि त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ विभागात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क या तिघांसमोर किती टक्के दिसतात ते पाहा. मेमरीवर टिचकी मारली की रॅमच्या किती खाचा वापरात आहेत हेही दिसते. ते आकडे इथे लिहा, पुढचे बोलणे नेमके होईल.

आकडेमोड

मी फक्त प्रोसेसरबद्दल लिहितो, कारण दुसऱ्या दुकानदाराचा निष्कर्ष मला मुळीच पटलेला नाही.

बहुतेक ग्राहक आय३, आय५, आय७ एवढेच वाचतात आणि पुढचा आकडा सोडून देतात, पण खरी माहिती पुढे असते. ८२५० मधला पहिला ८ हा आठव्या पिढीचा आकडा आहे आणि शेवटचा ‘यू’ कमी वीज खाणाऱ्या वर्गाचा. त्या जागी ‘एच’ असता तर तो अधिक ताकदीचा आणि अधिक तापणारा प्रोसेसर ठरला असता. सातव्या पिढीच्या आय५-७२००यूमध्ये दोनच कोअर होते, तर तुमच्या ८२५०यूमध्ये चार आहेत. कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारा विभाग. त्या एका पिढीत यू वर्गाच्या आय५ मध्ये कोअर दुप्पट झाले, त्यामुळे लेखन, वाचन आणि ऑनलाइन तास यांसाठी हा प्रोसेसर आजही पुरतो.

पिढी न पाहता नाव पाहण्यातला तोटा उलट बाजूनेही होतो. जुना आय७-७५००यू हा दोन कोअरचा आहे, आणि बाराव्या पिढीचा आय३-१२१५यू सहा कोअरचा, त्यांतले दोन मोठे व चार लहान. तरीही जुन्या लॅपटॉपच्या बाजारात ‘आय७ आहे’ एवढ्या बळावर पहिला महाग विकला जातो, याचे मला वाईट वाटते. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या बाबतीत तर आकड्यावरून पिढी ओळखणेही फसवे ठरते. रायझन ५ ७५२०यू या नावातला ७ पाहून तो अगदी नवा वाटतो, पण रचना सांगणारा आकडा तिसरा आहे, तो २, म्हणजे आत झेन २ ही जुनी रचना आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाचे म्हणजे आठव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे तुम्ही अजून त्यावर असाल तर दुरुस्तीबरोबरच विंडोज ११ वर जाणे योग्य होईल.

दुरुस्ती_टेबल

मी पंधरा वर्षे लॅपटॉप दुरुस्त करतो. वरच्या दोघांचे म्हणणे बरोबर आहे, पण सर्वांत आधी ताईंना एक कळकळीची विनंती आहे: काहीही बदलण्यापूर्वी प्रश्नपत्रिका, फोटो, जे काही मोलाचे असेल ते सगळे आजच बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून ठेवा. सात-आठ वर्षे फिरलेली तबकडी मंद होते तेव्हा दरवेळी कारण रॅमच असते असे नाही, कधी डिस्कच शेवटच्या टप्प्यावर असते. रात्री शांततेत कान लावून ऐका. हलकी घरघर नेहमीची असते, पण ठरावीक अंतराने ‘टिक, टिक’ असा आवाज आला तर लॅपटॉप वापरणे थांबवून आधी माहिती वाचवण्याच्या मागे लागा. गेल्या वर्षी एक गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा तो आवाज दोन महिन्यांपासून येत होता आणि मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्याच एका डिस्कवर होते. अर्ध्याहून कमी फोटो हाती लागले. तो दिवस मी विसरलेलो नाही.

आता एसएसडीबद्दल. तुमच्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची हार्ड डिस्क असणार. तिच्या जागी त्याच मापाची साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) एसएसडी बसते. त्या वर्षीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची चपटी खाचही असते, त्यात च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी जाते. तिच्यावर २२८० लिहिलेले असते, म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर. पण इथे एक गोष्ट तपासून घ्या. खाच दिसायला सारखी असली तरी काही जुन्या लॅपटॉपमध्ये ती फक्त साटा प्रकार चालवते आणि एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीच्या) प्रकारची एसएसडी ओळखतच नाही. त्यामुळे दुकानात ‘एम.२ द्या’ एवढेच न म्हणता लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक दाखवून ‘ही खाच साटाची की एनव्हीएमईची’ असे विचारा. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. तुमच्या कामाला साटाही भरपूर झाली.

डीडीआर४ हा रॅमचा प्रकार आहे. रॅम घेताना ‘लॅपटॉपची डीडीआर४’ असे स्पष्ट सांगा. डेस्कटॉपची पट्टी लांब असते, ती बसत नाही, आणि डीडीआर३ किंवा डीडीआर५ च्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असल्याने तीही जात नाही. जोर लावून बसवण्याची वस्तू ही नव्हे.

झिणझिण्यांचे कारण बहुधा तुमच्या भिंतीत आहे. चार्जरची तीन पिनांची वायर तुम्ही दोन पिनांच्या एक्स्टेंशनला लावता का? किंवा सॉकेटला तिसरे भोक आहे पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नाही, असे आहे का? चार्जरमधून नेहमीच अगदी थोडा विद्युतप्रवाह झिरपतो, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. वाट नसेल तर तो धातूच्या भागावर येतो आणि हाताला जाणवतो. एरवी हा प्रवाह फार क्षीण असतो, पण अर्थिंग नसलेले घर हाच खरा धोका आहे, कारण त्याच सॉकेटवर उद्या गीझर किंवा मिक्सर बिघडला तर बचाव राहत नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. चार्जर मूळ कंपनीचा नसेल तर तोही बदला.

४१ डब्ल्यूएच म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा. ११.४ व्होल्ट गुणिले ३.६ अँपिअर-तास केले की साधारण ४१ वॉट-तास होतात. लॅपटॉप तासाला १० वॉट-तास खात असेल तर नवी बॅटरी चार तास चालेल. बॅटरी फुगली आहे का हेही एकदा पाहा. टचपॅड दाबताना घट्ट लागू लागले, किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर ती फुगली असे समजून वापर थांबवायचा. ती टोचायची नाही, दाबून बसवायची तर अजिबात नाही.

शब्दवेल्हाळ

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री सर्व फाइल पुतण्याच्या बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवल्या. टिकटिक ऐकू येत नाही. आकडे असे: सीपीयू १८ टक्के, मेमरी ९१ टक्के, डिस्क मात्र सतत १०० टक्के. रॅमच्या दोन खाचांपैकी एक वापरात आहे. एक्स्टेंशन खरोखरच दोन पिनांचे निघाले. भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला चार्जर थेट लावला तेव्हा झिणझिण्या पूर्ण थांबल्या.

आता दोन प्रश्न उरले आहेत. दोन्ही खर्च एकदम झेपत नसतील तर आधी काय घ्यावे? आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’, म्हणजे लॅपटॉप सलग चालू असल्याचा काळ, अकरा दिवसांचा दिसतो, पण मी तर रोज रात्री लॅपटॉप बंद करते. हे कसे?

निळी_शाई

सीपीयू १८ टक्के म्हणजे प्रोसेसर बसून आहे आणि डिस्कची वाट पाहतो आहे. नवा लॅपटॉप घेण्याचे कारण या आकड्यांत कुठेही नाही. एकच घेणे शक्य असेल तर माझे मत एसएसडीच्या बाजूने आहे, कारण रॅम वाढवली तरी विंडोज सुरू होताना तीच जुनी तबकडी वाचावी लागेल. मात्र रॅम फार लांबणीवर टाकू नका, कारण ४ जीबीमध्ये तीच उतरवाउतरवी एसएसडीवर चालू राहील. रिकाम्या खाचेत ८ जीबीची पट्टी घातली की एकूण १२ जीबी होतील. पट्ट्या असमान असल्या तरी चालतात.

अप टाइमचे कारण ‘फास्ट स्टार्टअप’ हे आहे. ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही; पुन्हा चटकन उठता यावे म्हणून ती आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते, आणि त्यामुळे आतले अडकलेले घोटाळेही दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे परत येतात. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते, म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करत जा.

दुरुस्ती_टेबल

मीही आधी एसएसडीच सांगितली असती. बसवून घेताना तिथेच थांबा आणि उघडल्यावर प्रथम बॅटरीची जोडणी काढायला सांगा, त्यानंतरच बाकीच्या भागांना हात लागला पाहिजे. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. मी कागदावर लॅपटॉपची बाह्यरेषा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवतो, कारण लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरच्या बाजूला उंचवटा येतो. उघडलेच आहे तर पंख्याच्या तोंडाशी साचलेला धुळीचा थरही काढून घ्या, सात-आठ वर्षांत तो कांबळीसारखा दाट होतो.

जुनी डिस्क तिथे सोडून येऊ नका आणि लगेच फॉरमॅटही करू नका. तिला यूएसबीचे केसिंग घालून महिनाभर कपाटात ठेवा. नव्या एसएसडीवर सगळ्या फाइल आल्या आहेत का ते नुसती नावे पाहून ठरवू नका, दहा-वीस जुन्या प्रश्नपत्रिका प्रत्यक्ष उघडून पाहा. विशेषतः ज्या युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत त्या, कारण तो फाँट नव्या विंडोजमध्ये नसला तर त्या उघडतील, पण वाचता येणार नाहीत. तो फाँट जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधल्या फाँट्स फोल्डरमध्ये सापडेल.