मदत हवी आहे : आमच्या मनासारखे, छोटेखानी लग्न

नमस्कार. मी गिरगावची, तो मुलुंडचा. आम्हांला येत्या माघात ६०-७० माणसांत लग्न करायचे आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवसांची नोटीस देऊन ३ साक्षीदारांसमोर नोंदणी करण्याचे ठरले आहे. मात्र त्याच दिवशी, महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीप्रमाणे आम्ही परस्परांना प्रतिज्ञा द्यावी, स्वतः रचलेल्या मंगलाष्टका म्हणाव्यात, अक्षतांऐवजी फुले उधळावीत आणि बँडऐवजी पेटी-तबल्यावर नाट्यपदे व्हावीत, अशी आमची मनापासून इच्छा आहे. जेवण साधेच : वालाचे बिरडे, मसालेभात, सोलकढी.

अंतरपाटाशिवाय आईला ते लग्नच वाटत नाही. तिचे मन मोडायचे नाही, म्हणून आजीच्या नऊवारीचा अंतरपाट धरणार आहोत.

दादर ते मुलुंड या पट्ट्यात, आपला आचारी आणू देणारे लहान सभागृह कुणाला ठाऊक आहे का? जादा शुल्क भरून विवाह अधिकाऱ्यांना कार्यालयाबाहेर बोलावण्याची कायद्यात तरतूद आहे. मुंबईत तसे कुणी केले असल्यास अर्ज किती आधी द्यावा लागला, हे कृपया कळवावे. सत्यशोधक विधी चालवणाऱ्या जाणकारांशी ओळख करून दिलीत, तर फारच उपकार होतील.