पोरांना लष्करी गाड्या घ्यायच्या तर धातूच्याच घ्याव्यात. पटतंय का?

भुसावळचा_बाप
भुसावळात वाढणाऱ्या पोराला रणगाडा चित्रात दाखवावा लागत नाही. सपाट वाघिणींवर (उघड्या डब्यांवर) ताडपत्री बांधलेले रणगाडे घेऊन मालगाडी जंक्शनात थांबली की ते पुलावरूनच दिसतात. त्यात दिवाळीत आम्ही नगरचं (आता अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियम पाहून आलो. आता पाच वर्षांच्या चिरंजिवांना रणगाडा, जीप आणि ट्रक, तिन्ही हवेत.

माझं मत असं की दीड-दीडशेची तीन प्लास्टिकची पाकिटं आणण्यापेक्षा त्याच पैशात एकच डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली, गाडी घ्यावी. ती पाकिटं तुम्हीही पाहिली असतील: हिरवे शिपाई, पंखा गळालेलं हेलिकॉप्टर, मधल्या सांध्यातून उकललेला रणगाडा. आठवड्यात सगळं भंगारवाल्याकडे. धातूची गाडी फरशीवर सरळ पळते, पलंगाखालून सापडते तेव्हाही धड असते आणि धाकट्याला वापरता येते.

पाचशेच्या आत काय घ्यावं आणि घेताना काय बघावं, ते सांगा. ज्यांना प्लास्टिकच बरं वाटतं त्यांनीही लिहा, पण कारणासकट.

दाणा_मोल्डिंग (जळगाव)
कारणासकट लिहितो. आमच्या एमआयडीसीत चटयांचे कारखाने आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी शेजारच्याच गाळ्यात इंजेक्शन मोल्डिंग चालवतो, त्यामुळे प्लास्टिकची बाजू घेणारच.

धातू म्हणजे टिकाऊ हे आधी डोक्यातून काढा भो. डायकास्ट खेळणं लोखंडाचं नसतं. ती जस्ताची मिश्रधातू असते, झमॅक म्हणतात, त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम. ती ३८०-३९० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून साचा खूप दिवस चालतो आणि बारीक नक्षी स्वस्तात निघते. पण ओतलेलं जस्त पत्र्यासारखं वाकत नाही, तुटतं. रणगाड्याची बारीक नळी धातूची केली तर ती फरशीवर मोडते, म्हणून बरेच कारखानदार नळी, अँटेना, आरसे प्लास्टिकचेच लावतात. तळ प्लास्टिकचा, चाकं प्लास्टिकची. म्हणजे पाचशे रुपये मोजून तुम्ही वरचं टोपण धातूचं घेता!

खराब असतो तो रिसायकल दाणा, म्हणजे भंगार वितळवून केलेला कच्चा माल, सगळं प्लास्टिक नव्हे. चांगल्या एबीएसची (हे एक टणक प्लास्टिक) जाड गाडी पोरगं गच्चीवरून टाकेल आणि तिला काही होणार नाही. दुकानात नखाने दाबून बघा, कडेला धारदार पापुद्रा राहिलाय का बघा. पापुद्रा असेल तर साचा झिजलाय, माल घेऊ नका.

भुसावळचा_बाप
@दाणा_मोल्डिंग दादा, टोपणाबद्दल बोललात ते खरं, पण सगळ्या गाड्यांना लागू नाही. आत्ता समोर एक जीप उलटी करून ठेवलीय. खाली दोन रिव्हेटा आहेत, टपातूनच, म्हणजे वरच्या धातूच्या भागातूनच, निघालेले खुंट दाबून पसरवलेले. चाकांची आस पोलादी तारेची. ती तळाच्या प्लास्टिकमध्ये नाही, धातूच्या टपाच्या खाचेत बसवलीय आणि तळ फक्त तिला वर दाबून धरतो. म्हणून वरून पाय पडला तरी भार टपावर जातो. दुसरी एक गाडी आहे, तिची आस प्लास्टिकच्या दोन आकड्यांत अडकवलेली. ती गाडी तीनच चाकांवर चालते.

तेव्हा दुकानात गाडी उलटी करून आस बघायची, एवढं तर मान्य करा.

आग्रा_रोड (धुळे, दुकानदार)
दोघेही बरोबर आहात, पण दोघांनी शिक्क्याचं नाव काढलं नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, देशी असो वा आयात. चिन्हाजवळ सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवान्याचा नंबर असतो. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. गिऱ्हाईक माझ्यासमोर तपासतं तेव्हा मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. नुसतं चिन्ह छापणारे बरेच आहेत.

आता किमतीचं. २०२० साली खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. बाहेरून येणारी डायकास्ट म्हणून महागली. छोट्या मापाच्या, म्हणजे १:६४ च्या (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढ्या) गाड्या अजून दोनशेच्या आसपास मिळतात, पण त्यांत लष्करी माल क्वचित येतो. आला की मोठी माणसं संग्रहासाठी उचलतात, पोरांपर्यंत पोचतच नाही. दिल्लीच्या देशी कंपन्यांच्या हिरव्या जीपा आणि ट्रक मात्र नेहमी असतात, मागे ओढून सोडायच्या. त्या प्लास्टिकच्याच आहेत, पण सगळ्यात कमी परत येतात.

सारंगखेडा_एक्सप्रेस
अरे कसाले भांडतस भो! दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे बघा आणि येताना पन्नास रुपयांचा रणगाडा घ्या. पोर दोन दिवस नाचतं, तिसऱ्या दिवशी विसरतं. पाचशेचा असो की पन्नासचा, विसरायचा दिवस तोच. शाळेत असताना आम्ही ज्वारीच्या चिपाडाच्या बैलगाड्या केल्या, कोणी शिक्का मागितला नाही.

आग्रा_रोड
चिपाडावर रंग नसतो आप्पा. यात्रेतल्या पन्नासच्या गाडीवर कसला रंग आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. खेळण्यांचं मानक आहे ना, आयएस ९८७३, त्याचा तिसरा भाग आहे तोच मुळी शिसं, कॅडमियम असली द्रव्यं खेळण्यातून किती बाहेर येतात त्याबद्दल. पोरगं गाडी हाताने चालवतं आणि तोच हात तोंडात घालतं. तीन वर्षांखालच्या पोराला तर सुटं चाक निघेल अशी कोणतीच गाडी देऊ नका, धातूची तर नाहीच.

सारंगखेडा_एक्सप्रेस
दुकानदार यात्रेच्या विरोधात बोलणारच. 😀 पण रंगाचं पटलं. खेळण्याऐवजी गोडीशेव घेऊ.

बोरीकाठची (अमळनेर)
मूळ प्रश्नालाच माझा विरोध आहे. टिकाऊ रणगाडा कसाला हवाय? खेळणं लवकर मोडलं तर निदान नवं काहीतरी येतं; हा तर धाकट्यापर्यंत टिकवायचा म्हणता. मी पहिली-दुसरीला शिकवते. जीप हातात असलेला मुलगा माणसं बसवतो, उतरवतो, पेट्रोल भरतो. रणगाडा हातात आला की एकच खेळ: ठ्यां, तू मेला. साने गुरुजींनी ज्या गावात मास्तरकी केली तिथे बसून हे लिहितेय, म्हणून जरा जास्तच लागतं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
ताई, गुरुजींना यात ओढू नका. आमच्या घरात दोघे फौजेत आहेत. पुतण्याला बाबा काय करतात हे कळायला त्याच्या हातातला हिरवा ट्रकच कामी आला. तो त्यात डबे भरतो आणि "लेहला चाललो" म्हणतो. ठ्यां कुठून येतं? मोबाइलमधून येतं. काठी दिली तरी पोरं तिची बंदूक करतात.

आणि भुसावळ-वरणगावकरांना तर हे सांगायलाच नको. भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ ची, वरणगावची १९६४ ची. तिथे किती घरं त्यावर चालली! त्या घरांतल्या पोरांनी रणगाडा खेळायचा नाही?

बोरीकाठची
दादा, तुमचा पुतण्या ट्रक खेळतो, रणगाडा नाही. माझाच मुद्दा तुम्ही लिहिलात.

जुन्या_गाड्या
जुन्या डायकास्टबद्दल कोणी विचारायच्या आधी सांगतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी गाड्या (कारखाना १९७९ मध्ये बंद झाला) लष्करी खेळण्यांत फार नावाजलेल्या. त्यांचेच साचे वापरून कोलकात्यात निकी नावाने गाड्या निघायच्या, जुन्या बाजारात अजून सापडतात. माझ्याकडे आहेत, पण पोरांच्या हातात देत नाही. त्या काळच्या रंगावर भरवसा नाही. शिवाय जस्तात शिशाची भेसळ राहिली असेल तर धातू आतून फुगून तडकतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी गाड्या कपाटात ठेवल्या जागी भुगा झाल्या. तेव्हा "धातू पिढ्यान् पिढ्या टिकतो" हे धागाकर्त्याने जरा जपून म्हणावं.

दाणा_मोल्डिंग
घ्या! हे मी म्हटलं असतं तर धंद्यापायी बोलतो म्हणाले असते.

पट्ट्यांचंही लिहितो. रणगाड्याच्या चाकांभोवतीच्या मऊ पट्ट्या बहुधा पीव्हीसीच्या. त्या मऊ राहाव्यात म्हणून घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि ज्या प्लास्टिकला पट्टी टेकलीय त्याला खातं. भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांचा. रणगाडा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलात तर पट्टी चाकाला चिकटून बसलीच समजा. वर पट्टी एकदा निघाली की पाच वर्षांच्या पोराला बसवता येत नाही, ते काम बापाचं. ज्याला पट्ट्या हौसेने बसवायच्या असतील त्याने रणगाडा घ्यावा.

भुसावळचा_बाप
तरी मी धातूवरच आहे. कपाटातल्या शंभर वर्षांचा हिशोब मला नको, तीन-चार वर्षं गाडी फरशीवर चालली की झालं. पण रणगाड्याचं तुम्ही जवळजवळ पटवलंत. ठरवलंय ते असं: आधी ट्रक, सहा चाकी, आस धातूत बसलेली, टपावर स्टिकरऐवजी छापलेला तारा. स्टिकर सोलणं हा आमच्याकडे वेगळाच खेळ आहे. रिव्हेटच्या जागी स्क्रू असतील तर फारच उत्तम, चाक निघालं तर उघडून बसवता येतं. रणगाडा वाढदिवसाला, तोही पट्ट्या नुसत्या कोरलेल्या आणि खाली लपवलेली चाकं असलेला. दिसायला खोटा, पण चालतो.

@बोरीकाठची ताई, तुमचं पूर्ण पटलं नाही. म्युझियममध्ये त्याने पहिला प्रश्न विचारला तो "आत माणूस बसतो कुठून?"

बोरीकाठची
मग त्याला दार उघडणारी गाडी द्या ना. लष्कराची ॲम्ब्युलन्सही असते, हिरवी, लाल क्रॉसवाली. मागचं दार उघडतं, माणूस आत बसतो, तुमचा धातूही आला. ती मिळते का बघा.

आग्रा_रोड
ॲम्ब्युलन्स येते माझ्याकडे, पांढरी. हिरवी मी दोनदा मागवली होती, ताई. दोन्ही वेळेस खोक्यातून रणगाडेच निघाले. घाऊकवाला म्हणतो, शेठ, ती कोणी मागतच नाही.